‘मित्राचे वडील गेले’ असे का सांगितलेत?

वाचकाचे पत्र (संक्षिप्त)

मी २९ वर्षांचा असून बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी वडिलांसोबत कृषी सेवा केंद्र चालवतो. छत्रपती संभाजीनगरला इंजिनिअरिंग करत असताना वसतिगृहातल्या रूम पार्टनरने पेन ड्राइव्हमध्ये हेवी मेटलची, म्हणजे जोरदार गिटार आणि ड्रमच्या पाश्चात्य रॉक संगीताची, गाणी भरून दिली. तेव्हापासून, म्हणजे गेली ११ वर्षे, ब्लॅक सबाथ, आयर्न मेडन, मेटालिका आणि मेगाडेथ हे बँड ऐकल्याशिवाय माझा एक दिवस गेलेला नाही. रात्री दुकान बंद केल्यावर मी स्वतः जोडलेल्या कॉम्प्युटरवर एज ऑफ एम्पायर्स आणि काउंटर-स्ट्राइक हे गेम खेळतो. सोबत वसतिगृहातलेच तीन मित्र असतात. एक पुण्यात, एक नांदेडला आणि एक दुबईत आहे. पैसे लावून मी काहीही खेळत नाही आणि मला कोणतेही व्यसन नाही.

माझा साखरपुडा झाला असून मार्गशीर्षात लग्न आहे. मुलगी बी. फार्म. झालेली असून लातूरला नोकरी करते. फोनवर तिने विचारले, ‘तुम्हाला कोणाची गाणी आवडतात?’ मी घाबरून ‘जुनी हिंदी’ असे सांगितले. आई म्हणते, भिंतीवरची कवट्यांची चित्रे काढ, काळे टी-शर्ट कुणाला तरी देऊन टाक आणि कॉम्प्युटर विक. घरात सून आल्यावर हे पोरखेळ शोभणार नाहीत. २३ जुलै २०२५ ला सकाळी ब्लॅक सबाथचा गायक ऑझी ऑझबर्न गेल्याची बातमी वाचली आणि दुकानात बसून डोळ्यांत पाणी आले. वडिलांनी विचारले, कोण गेले? मी म्हणालो, मित्राचे वडील.

माझ्याकडूनही चुका झाल्या आहेत. पेरणीच्या दिवसांत एकदा रात्री अडीचपर्यंत खेळत बसलो आणि सकाळी उठलोच नाही; वडिलांनी एकट्याने दुकान सांभाळले. मागच्या वर्षी गेमसाठी कॉम्प्युटरमध्ये बसवायचे ३८ हजारांचे ग्राफिक्स कार्ड घेतले, ते घरी सांगितले नाही. हल्ली रात्री कानात बारीक शिट्टी वाजल्यासारखे होते. तिला हे सगळे सांगावे, की लग्नाआधी हा नाद सोडून द्यावा?

उत्तर

तुमचे पत्र मी तीन वेळा वाचले आणि तिन्ही वेळा २३ जुलैच्या ओळीपाशी थांबले. ज्या आवाजाने तुम्हाला वसतिगृहातल्या एकटेपणात, परीक्षांच्या रात्री आणि दुकानातल्या लांबलचक दुपारी सोबत केली, तो आवाज कायमचा थांबल्याचे दुःख तुम्हाला स्वतःच्या घरात दुसऱ्या कुणाच्या तरी वडिलांच्या नावाने करावे लागले, याचे मला फार वाईट वाटले. लता मंगेशकर गेल्या तेव्हा डोळे पुसणाऱ्याला आपल्याकडे कुणी कारण विचारले नाही. बर्मिंगहॅमच्या कामगार वस्तीत वाढलेल्या एका गायकासाठी बीड जिल्ह्यातल्या एका दुकानात कुणी डोळे पुसले, तर त्याचे मोल कमी कसे ठरेल?

तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकते. नाद सोडू नका, कॉम्प्युटर विकू नका आणि लग्नाच्या आत होणाऱ्या पत्नीला सगळे सांगा. मात्र पत्राच्या शेवटी तुम्ही तीन-चार ओळींत उरकलेल्या गोष्टी, म्हणजे पेरणीच्या दिवसांतली ती सकाळ, न सांगता घेतलेले कार्ड आणि कानातली शिट्टी, मला भिंतीवरच्या चित्रांहून कितीतरी गंभीर वाटतात, आणि त्यांच्यावर मी थोडे कडक बोलणार आहे.

ज्या गोष्टीविषयी सल्ला द्यायचा ती आपण ऐकलेली तरी असावी, म्हणून उत्तर लिहिण्यापूर्वी मी दोन रात्री तुमच्या आवडीच्या बँडची गाणी ऐकली. लहानपणी अंबाजोगाईला थोडे शास्त्रीय गाणे शिकल्यामुळे माझा कान स्वरांकडे जातो. ब्लॅक सबाथचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी आला. त्याच्या सुरुवातीला पाऊस पडतो, घंटा वाजते आणि मग गिटारवर तीन स्वर येतात: षड्ज (सा), तार षड्ज (वरचा सा) आणि तीव्र मध्यम (चढा म). मी दचकले, कारण हा तीव्र मध्यम यमन रागात मी आयुष्यभर ऐकत आले आहे. यमनमध्ये तो गंधार (ग) आणि पंचम (प) यांच्या कुशीत बसतो म्हणून गोड लागतो. इथे त्याला षड्जासमोर एकट्याला उभे केले आहे, म्हणून तो अंगावर येतो. पाश्चात्य संगीतात या अंतराला सैतानाचे नाव पडले, आपण त्याच स्वराने संध्याकाळचा राग सजवला. स्वर मात्र एकच.

या संगीतातल्या ज्या गिटारला लोक गोंगाट म्हणतात, तिचेही मला नवल वाटले. ॲम्प्लिफायरला त्याच्या कुवतीबाहेरचा आवाज दिला की ध्वनिलहरींची टोके छाटली जातात आणि मूळ स्वराबरोबर कितीतरी नवे उपस्वर उमटतात. अशा वेळी तीन-चार वेगवेगळे स्वर एकत्र छेडले तर सगळे गढूळ होते, म्हणून हे वादक गंधार वगळतात आणि केवळ षड्ज-पंचम वाजवतात. तंबोऱ्याच्या तारा आपण ज्या षड्ज-पंचमात लावतो, त्याच जोडीवर तुमचे हे संगीत उभे आहे. आणि ड्रम वाजवणारा दोन्ही पायांनी जो घोडदौडीचा ठेका धरतो, तो ऐकताना मला थेट संबळ आठवला. लग्नानंतर तुमच्या घरी गोंधळ घातला जाईल तेव्हा गोंधळी दोन्ही हातांनी संबळावर जी लय चढवत नेतो आणि ती ऐकून म्हाताऱ्या बायकांच्याही अंगात जे काही संचारते, ते पाहा आणि मग सांगा, की आपल्या मराठवाड्याच्या मातीला जोराचे वाद्य परके आहे का.

वडिलांना सांगण्यासारखी एक गोष्ट तुम्हाला नक्की ठाऊक असेल, पण तुम्ही ती त्यांना कधी सांगितली नसणार. ब्लॅक सबाथचे गिटारवादक टोनी आयोमी वयाच्या १७ व्या वर्षी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात काम करत होते. कामाच्या शेवटच्या दिवशी यंत्रात हात सापडून त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली, आणि ते डावखुरे असल्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. कारखान्यातल्या फोरमनने त्यांना जँगो राइनहार्ट या वादकाची ध्वनिमुद्रिका ऐकवली, ज्याची स्वतःची दोन बोटे भाजून निकामी झालेली होती. मग आयोमींनी भांडी धुण्याच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे बनवली, हलक्या तारा लावल्या आणि पुढे बोटांवरचा ताण कमी व्हावा म्हणून तारा खालच्या स्वरात उतरवल्या. तुम्ही ज्याला ‘हेवी’ म्हणता तो जड, खालचा आवाज पुष्कळसा त्या दुखऱ्या हातातून आला आहे. मळणीयंत्रात हात गेलेली माणसे आपल्या भागात प्रत्येक गावात आहेत. तुमचे वडील रोज शेतकऱ्यांशी बोलतात. ही गोष्ट त्यांना समजायला मुळीच अवघड नाही.

आईंची भीती वेगळी आहे आणि ती मी हसण्यावारी नेणार नाही. घरात नवी नवरी येणार, पाहुणे येणार आणि समोर भिंतीवर कवट्या. कोणत्याही आईला हे अशुभच वाटेल. तरी एक शांतपणे विचारून पाहा: शंकराला आपण स्मशानवासी म्हणतो, कालीच्या गळ्यात मुंडमाळ असते, आणि तुळजापूरची आपली भवानी महिषासुराचा वध करणारी आहे, मृत्यूचे आणि उग्रतेचे रूप आपल्या देवघराला कधी वर्ज्य होते का? तर्जनी आणि करंगळी उभी करून तुम्ही लोक जी खूण करता आणि जिला बघणारे सैतानाची खूण समजतात, ती या संगीतात रूढ केली रॉनी जेम्स डिओ या गायकाने, आणि ती आपण आपल्या इटालियन आजीकडून उचलल्याचे तो सांगत असे. आजी ती वाईट नजर परतवण्यासाठी करत असे. तुमच्या आई लग्नात मीठ-मोहऱ्या उतरवून तुमची दृष्ट काढतील तेव्हा त्या हेच करत असतील.

या संगीतावर संशय घेणारे तुमचे घर पहिले नाही. १९८५ साली अमेरिकेच्या सिनेटच्या समितीपुढे गाण्यांतल्या शब्दांवरून सुनावणी झाली आणि हेवी मेटलचे गायक डी स्नायडर तिथे स्वतः उत्तर द्यायला उभे राहिले. १९९० साली जुडास प्रीस्ट या बँडवर, त्यांच्या गाण्यात दडवलेल्या संदेशामुळे दोन तरुणांनी जीव देण्याचा प्रयत्न केला, असा दावा नेवाडा राज्यात चालला आणि न्यायाधीशांनी तो फेटाळला. २०१५ साली ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या दोन संशोधिकांनी असे कर्कश संगीत आवडीने ऐकणाऱ्या ३९ जणांना आधी मुद्दाम राग येईल असे बोलते केले आणि मग त्यांचे त्यांचे संगीत ऐकू दिले, तेव्हा त्यांचा राग वाढला नाही. उलट बरे वाटल्याचे, उभारी आल्याचे त्यांनी सांगितले. ३९ ही संख्या लहान आहे हे मी मान्य करते. पण तुम्ही स्वतः लिहिले आहे, की तुम्ही दुकानात आजवर कुणा गिऱ्हाइकावर आवाज चढवलेला नाही, आणि बियाणे उगवले नाही म्हणून भांडायला आलेल्या शेतकऱ्यांसमोर शांत राहणे किती कठीण असते, हे मला आमच्याच घरच्या शेतीमुळे ठाऊक आहे.

आता त्यांच्याविषयी, ज्यांना तुम्ही ‘जुनी हिंदी’ असे सांगितले.

माझ्या लग्नाला ११ वर्षे झाली होती तेव्हाची गोष्ट आहे. गावी हरिनाम सप्ताह होता, काल्याच्या आदल्या रात्रीच्या कीर्तनाला पखवाजवाला वेळेवर पोहोचला नाही आणि महाराज थांबले. पुरुषांच्या बाजूने माझे यजमान उठले, पखवाजापुढे मांडी घालून बसले, शाईवर एकदा हात फिरवला आणि वाजवू लागले. मी बायकांमध्ये बसले होते. शेजारची बाई म्हणाली, ‘तुमचे मालक इतके चांगले वाजवतात होय!’ आणि मला तिला काही उत्तर देता आले नाही, कारण तेव्हापर्यंत मी त्यांना एकदाही वाजवताना ऐकले नव्हते. लग्न ठरल्यावर घरच्या वडीलधाऱ्यांनी सांगितले होते, की मुलीकडचे लोक शिकलेले आहेत, हे भजनी मंडळाचे वेड आता पुरे, आणि यजमानांनी आपला पखवाज देवळाला देऊन टाकला होता. त्या रात्री मला आधी अभिमान वाटला आणि घरी पोहोचेपर्यंत राग आला. ११ वर्षे मी ज्या माणसासोबत जेवले, ज्याच्या आजारपणात उशाशी बसले, त्याच्या हातांत काय होते हे मला ठाऊक नव्हते, आणि ते मला न सांगण्याचा निर्णय माझ्या नावाने, मी काय म्हणेन याचा अंदाज बांधून, भलत्याच लोकांनी घेतला होता. त्या काळच्या मला पखवाज आवडला असता की नाही, हे विचारण्याची तसदीही कुणी घेतली नव्हती.

तुम्ही तेच करायला निघाला आहात. त्यांना हेवी मेटल आवडणार नाही, कॉम्प्युटर गेम खेळणारा माणूस पोरकट वाटेल, हे तुम्ही त्यांच्या वतीने आधीच ठरवून टाकले आहे. त्या शिकलेल्या आहेत, नोकरी करतात, रोज दहा प्रकारच्या माणसांशी बोलतात. त्यांनी तुम्हाला गाण्यांविषयी विचारले ते उलटतपासणी घेण्यासाठी विचारले नव्हते. ज्याच्यासोबत राहायचे तो माणूस कसा आहे हे त्या चाचपून पाहत होत्या, आणि त्यांच्या हाती एक खोटे उत्तर आले.

तेव्हा येत्या रविवारी फोन करा आणि सुरुवात त्या खोट्यापासूनच करा. ‘त्या दिवशी मी जुनी हिंदी म्हणालो ते खरे नव्हते, मला भीती वाटली होती’ एवढे सांगितले की पुढचे आपोआप सोपे होईल. मग काय ऐकता, कधीपासून ऐकता, ते सांगा आणि २३ जुलैची गोष्टही सांगा. ती ऐकून त्यांना तुमच्याविषयी जे कळेल ते दहा गाण्यांनी कळणार नाही. कृपा करून त्याच रात्री ४० गाण्यांची यादी पाठवू नका, आणि ज्यात गायक केवळ गुरगुरतो असे काही तर पहिल्या महिन्यात मुळीच नको. मेटालिकाच्या १९९१ सालच्या अल्बममध्ये संथ, हळवी गाणी आहेत, तिथून सुरुवात करता येईल. किंवा दिल्लीचा ब्लडीवूड हा बँड ऐकवा, ज्याच्या हेवी मेटलमध्ये ढोल आणि बासरी आहे आणि शब्द बरेचसे हिंदी-पंजाबी आहेत. आवडले नाही तर वाद घालू नका. तुम्हाला जे आवडते ते त्यांनाही आवडलेच पाहिजे, ही अपेक्षा मी तुमच्याकडून अजिबात खपवून घेणार नाही. आणि त्यांना काय आवडते हे तुम्ही विचारले आहे का? पत्रात त्याचा एका शब्दाने उल्लेख नाही, हे मला खटकले. लग्न तीन-चार आठवड्यांवर आले असताना तुम्हाला आपल्या आवडीची एवढी चिंता आहे आणि त्यांच्या आवडीची चौकशीही नाही.

गेमविषयी बोलताना पहिल्याच वाक्यात सांगा, की तुम्ही पैसे लावून काही खेळत नाही. आपल्या भागात ‘ऑनलाइन गेम’ म्हटले की लोकांना रमीत बुडालेली पोरे आठवतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. त्या जाहिरातींनी घरे उद्ध्वस्त झालेली आपण पाहिली आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, आणि त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सना, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळल्या जाणाऱ्या कॉम्प्युटर खेळांना, त्यांच्यापासून वेगळे काढून प्रोत्साहन देण्याची भूमिका घेतली. सासरच्या मंडळींशी बोलताना हा फरक स्पष्ट करून सांगावा.

एज ऑफ एम्पायर्सविषयी तुम्ही पत्रात जे लिहिले आहे ते मला फार आवडले. १९९९ साली आलेला या खेळाचा दुसरा भाग तुम्ही चौघे अजून खेळता, त्यात अन्न, लाकूड, सोने आणि दगड जमवून राज्य उभारावे लागते, आणि शेताचा कस संपला की लाकूड खर्चून ते पुन्हा पेरावे लागते, हे वाचून कृषी सेवा केंद्रातल्या माणसाला हा खेळ का आवडत असेल हे माझ्या ध्यानात आले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पुणे, नांदेड, दुबई आणि तुमचे गाव अशा चार ठिकाणी विखुरलेले चार मित्र हेडफोन लावून एकमेकांच्या नोकरीची, आईवडिलांच्या दुखण्याची, फ्लॅटच्या हप्त्यांची चौकशी करत खेळतात. पूर्वी पारावर जे होत असे तेच हे आहे. लग्नानंतर पुरुषांची मैत्री आपल्याकडे हळूहळू आटत जाते आणि पन्नाशीत त्यांच्याजवळ बोलायला कुणी उरत नाही, हे मी या सदराकडे येणाऱ्या पत्रांतून वर्षानुवर्षे वाचते आहे. हा पार मोडू नका.

पण पेरणीच्या दिवसांतली ती सकाळ मला डोळ्यांसमोरून हलवता येत नाही. पाऊस पडून गेला आहे, वाफसा झाला आहे, दुकानापुढे सोयाबीनच्या पिशव्यांसाठी माणसे उभी आहेत, कुणाला खत हवे आहे, कुणाला उधारीची वही दाखवायची आहे, आणि गुडघ्यांनी त्रस्त असलेले वडील एकटेच गोदाम आणि गल्ला यांच्यामध्ये फेऱ्या मारत आहेत. मुलगा वरच्या खोलीत झोपला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंगच्या विकाराचा समावेश केला आहे. खेळावर ताबा न राहणे, बाकीच्या सगळ्या कामांहून खेळ मोठा होत जाणे आणि नुकसान दिसत असूनही खेळणे चालूच ठेवणे, ही त्याची लक्षणे आहेत, आणि ती साधारण १२ महिने टिकलेली असावी लागतात. एका सकाळीवरून मी तुम्हाला या विकारात ढकलणार नाही. तुम्हाला ती सकाळ अजून बोचते आहे, हेच त्याच्या उलट बाजूचे चिन्ह आहे. मात्र ‘एकदाच झाले’ हे खरे आहे का, हे स्वतःला विचारा. तसे नसेल, आणि ठरवूनही थांबता येत नसेल, तर मानसिक आरोग्यासाठी असलेल्या शासनाच्या टेलिमानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत.

पुढचे नियम तुम्ही स्वतःच घालून घ्यावेत, बायकोने घालण्याची वाट पाहू नये, कारण तिने घातले की त्याची कटकट होते. दुकानाच्या सुट्टीच्या आदल्या रात्री मनसोक्त खेळा, बाकी दिवशी साडेअकराच्या आत कॉम्प्युटर बंद करा, आणि पेरणीच्या महिन्यांत खेळ आठवड्यातून एकच रात्र ठेवा. तुमचे तिन्ही मित्र कमावते आहेत, त्यांनाही हे सोयीचेच पडेल. काउंटर-स्ट्राइकसारखा खेळ सुरू झाला की मधूनच उठता येत नाही आणि घरच्यांना ते कळत नाही, त्यामुळे जेवायला बसण्याच्या वेळेच्या आसपास नवा डाव सुरूच करू नये. आणि तुमच्या लक्षात आले आहे की नाही कोण जाणे, पण कॉम्प्युटर आज ज्या खोलीत आहे तीच लग्नानंतर तुम्हा दोघांची खोली होणार आहे. दुसऱ्याच्या झोपेत पडद्याचा उजेड आणि कळफलकाचा खडखडाट नको. तो बाहेरच्या खोलीत हलवा. फक्त जागा आहे म्हणून खताच्या गोदामात नेऊ नका, तिथल्या खारट, ओलसर हवेने आतले भाग गंजतील. भिंतीचेही तसेच आहे. त्या खोलीच्या भिंती यापुढे अर्ध्या त्यांच्या आहेत. कोणते चित्र ठेवायचे आणि त्याच्या शेजारी काय लावायचे, हे दोघांनी मिळून ठरवा, आणि आईंसाठी दिवाणखान्यातले मात्र आजच काढा. काळे टी-शर्ट कपाटात राहू द्या. कपड्यांचा रंग हा काही लग्न मोडण्याचा विषय नाही.

३८ हजारांविषयी मला एवढेच म्हणायचे आहे, की वस्तू महाग होती म्हणून चूक झाली नाही, ती सांगितली नाहीत म्हणून झाली. दुकान दोघांचे आहे आणि गल्लाही दोघांचा. २०२५ च्या सप्टेंबरमधील अतिवृष्टीने आपल्याकडची उभी पिके गेली, उधारी वसूल होणे अवघड आहे आणि वडील हिशोब करत रात्री जागत असतील. अशा वेळी हा खर्च त्यांना दुसऱ्याच कुणाकडून कळला तर त्यांना रकमेहून लपवण्याचे दुःख अधिक होईल. लग्नाच्या आधी सांगा, दर महिन्याला स्वतःच्या वाट्यातून थोडे थोडे परत घाला, आणि पुढच्या खरेदीचा आकडा बायकोला आधी कळेल असे ठरवा. ग्राफिक्स कार्ड आणि लग्नाचा खर्च एकाच वहीत येतो, हे तुमच्यासारख्या दुकानदाराला मी शिकवायला नको.

कानांचे मात्र लग्नापर्यंतही थांबवू नका. रात्री शांतता झाली की कानात बारीक शिट्टी वाजणे हे आतल्या नाजूक पेशींना इजा पोहोचत असल्याचे लक्षण असू शकते, आणि त्या पेशी एकदा गेल्या की पुन्हा येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकण्यास हरकत नाही, पण आवाज प्रत्येक तीन डेसिबलने वाढला की ही मुदत निम्म्यावर येते. म्हणजे ९० डेसिबलला ती आठवड्याला अवघी चार तास उरते. तुम्ही दुपारी दुकानात आणि रात्री खेळताना मिळून रोज पाच तास हेडफोन लावता असे पत्रात आहे. हिशोब तुम्हीच करा. एसी/डीसी या बँडचे गायक ब्रायन जॉन्सन यांना २०१६ साली कायमच्या बहिरेपणाच्या धोक्यामुळे चालू दौरा सोडावा लागला होता. मोबाइलमध्ये आवाजाची मर्यादा घालण्याची सोय असते, ती लावून टाका, दुपारी हेडफोन काढून दुकानात लहान स्पीकरवर हळू आवाजात ऐका, आणि या आठवड्यातच अंबाजोगाईच्या किंवा संभाजीनगरच्या शासकीय रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात दाखवून श्रवण चाचणी करून घ्या. आयर्न मेडन मार्च २००७ मध्ये आणि मेटालिका ऑक्टोबर २०११ मध्ये बेंगळुरूला येऊन वाजवून गेले तेव्हा तुम्ही शाळेत होतात. पुन्हा कुणी आले आणि तुम्ही दोघे तिकीट काढून गेलात, तर तिथे ऐकायला कान शाबूत हवेत. कानात घालायचे बोळेही सोबत न्या.

वडिलांना २३ जुलैची खरी गोष्ट कधी सांगायची, हे तुमच्यावर सोडते. दुकान बंद करताना, शटर ओढण्याआधीची पाच मिनिटे बरी असतात. तेव्हा दोघेही थकलेले असतात आणि कुणी एकमेकांच्या तोंडाकडे पाहत नसते. टोनी आयोमींच्या बोटांपासून सुरुवात करा.

आणि आईंच्या सांगण्यावरून कॉम्प्युटर विकायची जाहिरात कुठे टाकली असेल, तर ती आज रात्रीच काढून घ्या.